ओसाड अडीच एकरांचे देखणे फोटो कसे काढावेत

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, मोहावी वाळवंटात, कॅलिफोर्निया सिटी नावाचे गाव आहे. 1958 साली नॅट मेंडेलसन नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने ते आखले. रस्ते पाडले, प्लॉट विकले, फक्त माणसे यायची राहिली. क्षेत्रफळ 203 चौरस मैल, राज्यात तिसरा नंबर. वस्ती सुमारे पंधरा हजार. उपग्रहाच्या चित्रात रिकाम्या गल्ल्यांची जाळी अजून दिसते. तिथले प्लॉट आणि भोवतालच्या माळावरचे अडीच-अडीच एकरांचे तुकडे आजही विकायला निघतात आणि गिऱ्हाइके ते पुष्कळदा फोटोवरच घेतात. वर्षाला जेमतेम पाच-सहा इंच पाऊस. आपला माणदेश याच्यापुढे कोकण म्हणायचा. तेव्हा छायाचित्रकाराची जबाबदारी लक्षात यावी.

पहिला नियम: जमीन विकायची असेल तर जमीन दाखवू नये. तिच्यात खडी, क्रिओसोटची झुडपे आणि परक्या कोणीतरी आणून टाकलेला सोफा एवढेच असते. विकायचा असतो तो क्षितिजावरचा डोंगर. नवशिके इथेच फसतात. सगळे मावावे म्हणून ते रुंद कोनाचे भिंग लावतात आणि टेहाचापी डोंगराच्या रांगा मुंग्यांच्या वारुळाएवढ्या होतात. जाणत्याने 200 मिलिमीटरचे भिंग लावावे आणि दोन-तीनशे फूट मागे सरकावे. डोंगर जवळ येतो तो नुसत्या भिंगामुळे नव्हे. पुढच्या झुडपापासून आपण लांब गेल्यामुळे झुडूप लहान होते आणि डोंगर त्याच्या डोक्यावर येऊन बसतो. मागे सरकताना आपण दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये शिरतो खरे, पण तो मालक स्वतःही कधी तिथे आलेला नसतो. डोंगराचा एक दगडही व्यवहारात नाही याची चिंता नको. इथे सातबारा नसतो, काउंटीने दिलेला पार्सल नंबर असतो, आणि फोटोत तो दिसत नाही.

दुपारी फोटो काढणे हा अपराध समजावा. सूर्य उगवल्यावर पहिल्या वीस मिनिटांत प्रत्येक काटेरी झुडपाची लांब सावली पडते आणि घाईने बघणाऱ्याला ती हिरवळ वाटते. हिवाळी पाऊस चांगला झाला तर मार्च-एप्रिलमध्ये जवळच्या अँटिलोप व्हॅलीत नारिंगी पॉपीचे गालिचे पसरतात. असा एक हंगाम साधला की पुढची दहा वर्षे तेच फोटो चालतात. फूल खरे असते. तारीख कोणी विचारत नाही.

जोशुआचे झाड मिळाले तर पुढ्यात घ्यावे. 1880च्या दशकातल्या दलालांनी या झाडांच्या टोकांना संत्री टोचून ती संत्र्याची बाग म्हणून खपवल्याची दंतकथा इथे सांगतात. आपण एवढ्या थराला जाऊ नये. संत्री महाग झाली आहेत. शिवाय 2023च्या कायद्यानुसार ‘वेस्टर्न जोशुआ’ जातीचे हे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. घर नेमके त्याच जागी बांधावे लागणार असेल, तर ते फोटोखाली लिहायची गरज नाही. ‘दुर्मीळ वृक्षासह’ एवढे पुरे.

प्लॉटमधून कोरडा ओढा जात असेल तर भाग्यच. मऊ, स्वच्छ वाळूची ती वाट फोटोत फार छान येते. ही वाट पाण्याने केलेली आहे, आणि कधीतरी डोंगरात पाऊस झाला की पाणी तिथूनच लोंढ्याने येते, ही माहिती भूगोलाची आहे, छायाचित्रणाची नव्हे. विजेचा खांब मात्र कधीच लपवू नये. तो मैलभर दूर असला, तरी वर सांगितलेले भिंग त्याला कुंपणाशी आणून उभा करते.

ड्रोन लावायचा तर धंद्यासाठी परवाना लागतो आणि साधारणपणे चारशे फुटांच्या वर जाता येत नाही. पण एवढ्या उंचीवरून प्लॉटभोवती जाड लाल रेघ मारता येते, नाहीतर शेजारच्या ओसाडीपासून तो वेगळा कसा कळणार? आधी हवाई नकाशा मात्र बघावा. शेजारीच एडवर्ड्सचा हवाई तळ आहे; 1947 साली वैमानिक चक येगरने ध्वनीचा वेग ओलांडला तो याच भागाच्या आकाशात, आणि तो वेग ओलांडताना होणारे, खिडक्या हादरवणारे धडाके आजही अधूनमधून होतात. फोटोला आवाज नसल्याने ‘नीरव शांतता’ लिहायला हरकत नाही.

शेवटी घडीची खुर्ची. मावळतीकडे तोंड करून ती वाळूत ठेवावी, शेजारी कॉफीचा मग. बघणारा मनाने लगेच त्या खुर्चीत जाऊन बसतो आणि नळ कुठे आहे हे विचारायचे विसरतो. फोटो झाला की खुर्ची आठवणीने गाडीत टाकावी. राहिली, तर पुढचा दलाल तोच प्लॉट ‘फर्निश्ड’ म्हणून जास्त भावाने विकेल.