प्रागच्या खिडकीमागच्या माणसास

महोदय,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आमची रीत आहे. तुमच्यासाठी ती मोडतो. तुमच्या दुकानाचं नाव पावतीवर छापलेलं आहे, पण ते इथे लिहीत नाही. प्रागच्या जुन्या चौकाच्या आसपास तुमच्यासारखी खिडकी एकच नाही. ज्याला हे पत्र लागू पडेल, त्याने ते स्वतःचं समजावं.

मी रायगड जिल्ह्यातल्या खांब गावचा. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं सोडून सुकेळी खिंड उतरलं, की कोलाडच्या अलीकडे आमचं गाव लागतं. माझा भाचा जर्मनीत, सॅक्सनी राज्यात शिकतो. प्राग तिथून बसने काही तासांवर. परीक्षा संपल्यावर पाठीला सॅक लावून तो तीन दिवसांसाठी तुमच्या शहरात आला आणि पहिल्याच सकाळी तुमच्या खिडकीसमोर उभा राहिला. शंभर युरोची नोट त्याने आत सरकवली. तुम्ही त्याला सोळाशे कोरुना दिलेत. त्या दिवसाच्या बाजारभावाने ते सुमारे अडीच हजार व्हायला हवे होते.

नऊशे कोरुना, म्हणजे छत्तीस युरो, तुम्ही एका मिनिटात ठेवून घेतलेत. ही रक्कम तुम्हाला किरकोळ वाटत असेल, म्हणून ती केवढी आहे ते सांगतो. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या आमच्या मुलांना व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर 2024 पासूनचा हा आकडा आहे. त्यातून महिन्याला 992 युरोच हातात पडतात. दिवसाचे साधारण तेहतीस. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, जेवण, पुस्तकं, सगळं आलं. ते 11,904 युरो उभे करताना त्याच्या घरी शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर कोणी कोणी सह्या केल्या, ते मी बघितलंय. धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे त्याचे वडील त्यात आहेत, मी आहे. एका पोराचा अख्खा दिवस आणि वर तीन युरो तुम्ही काचेखालून ओढून घेतलेत.

तुमचा माझा व्यवसाय एकच आहे, म्हणून राग जास्त आहे. मीही खिडकीमागेच बसतो, एका पतसंस्थेत रोखपाल आहे. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या बायकांना अंक वाचता येत नाहीत. त्या अंगठा उठवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. खिडकीमागच्या माणसाची खरी ताकद त्या क्षणी कळते. समोरच्याला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, एवढं अंतर आपल्या हातात असतं. म्हणून आम्ही रक्कम मोठ्याने सांगतो, नोटा त्यांच्यासमोर मोजतो, मग त्यांच्या हातात देऊन पुन्हा मोजायला लावतो. रांग खोळंबली तरी चालेल. तुम्ही त्याच अंतरावर दुकान उभं केलंत.

तुमची पाटी मी फोटोत नीट बघितली. युरोच्या झेंड्यासमोर बाजारभावाच्या वरचा एक आकडा आहे. ठसठशीत, रस्त्यापलीकडून वाचता येईल असा. तो तुम्ही युरो विकता त्याचा दर. युरो घेऊन तुमच्याकडे येणाऱ्या प्रवाशाला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला लागणारा, तुम्ही युरो विकत घेता तो दर, खाली, बारीक अक्षरात. शेजारी मोठ्या अक्षरात ‘कमिशन नाही’. खरंच आहे, कमिशन नाहीच घेतलंत. दरातच छत्तीस टक्के कापल्यावर कमिशन कशाला लागतं? त्या पाटीवर एकही अक्षर खोटं नाही आणि सगळी पाटी फसवण्यासाठी रंगवलेली आहे. अशी पाटी अजाणतेपणी तयार होत नाही. कुठला आकडा मोठा आणि कुठला बारीक, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं.

आणि ते ठरवताना गिऱ्हाईकही ठरवलेलं असतं. पैसेवाला प्रवासी तुमच्या खिडकीशी थांबत नाही, तो हॉटेलात कार्ड दाखवतो आणि पुढे जातो. तुमच्याकडे येतो तो हिशेब ठेवून फिरणारा. कार्डावर परदेशी चलनाचं शुल्क लागेल, म्हणून रोख बरी, असा विचार करणारा. माझ्या भाच्याने तीन दिवसांचा कागद केला होता. चार्ल्स पूल बघायला पैसे पडत नाहीत. 1410 सालचं खगोलीय घड्याळ चौकातूनच दिसतं. व्हिशेहराडचा तट आणि लेटनाची बाग पायी फिरायची, सुपरमार्केटमधला पाव घ्यायचा, रात्री वसतिगृहाच्या सामाईक खोलीत झोपायचं. तिथल्या स्वयंपाकघरात भात करून सोबत नेलेलं मेतकूट कालवायचं. असा एकेक युरो वाचवत आलेल्या पोराची काटकसरच तुम्ही हेरलीत. उधळ्या माणसाला लुटणाऱ्यापेक्षा तुम्ही वाईट आहात, हे मी जबाबदारीने लिहितो.

त्याला गरज तरी किती होती? चेक प्रजासत्ताक 2004 साली युरोपीय संघात गेलं, पण चलन कोरुनाच राहिलं. जर्मनीतून येणाऱ्याला हे ठाऊक असतं. आपल्याकडे स्थानिक नोटा नाहीत या धास्तीने तो बसमधून उतरतो. प्रागच्या ट्राममध्ये 2019 पासून कार्ड टेकवून तिकीट काढता येतं, दुकानांतही बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. त्याला शंभर युरो बदलायची गरजच नव्हती. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

आणखीही एक गोष्ट तुम्हाला माहीत होती. 1 एप्रिल 2019 पासून तुमच्या देशात कायदा आहे की हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून, फुकट रद्द करता येतो. तुमच्यासारख्यांमुळेच तो करावा लागला. यानेक रुबेश आणि होन्झा मिकुल्का या प्रागच्याच माणसांनी असल्या खिडक्यांपुढे कॅमेरा घेऊन उभं राहून प्रवाशांना सावध केलंय. म्हणून माझं भांडण तुमच्या शहराशी नाही. शहर त्या पोराला फार आवडलं, अजूनही फोनवर त्या पुलाबद्दल बोलतो. भांडण तुमच्याशी आहे. नोटा मोजताना ‘पटत नसेल तर तीन तासांत या’ एवढं वाक्य तुम्ही बोलला असता, तर माझं तोंड बंद झालं असतं. तुम्ही गप्प राहिलात. संध्याकाळी खोलीतल्या एका पोलिश मुलाने त्याला हिशेब करून दाखवला, तोवर तीन तास कधीच उलटले होते.

त्या रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, “मामा, पावती दिलीय त्यांनी. म्हणजे फसवणूक म्हणता येणार नाही ना?” तुम्ही त्याच्याकडून पैसे घेतलेत ते घेतलेत, पण चूक आपलीच असं त्याला वाटायला लावलंत, ते मला जास्त लागलं. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारा मुलगा, दशांश चिन्हापुढच्या चार आकड्यांत रमणारा. तो दोन दिवस स्वतःला बावळट म्हणत होता. त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. बावळट तो नाही. बसमध्ये अवघडून आलेला, परकी भाषा, परकं चलन, पाठीवर ओझं, मागे रांग, अशा माणसाने पाटी वाचताना चुकावं, अशीच ती पाटी आहे.

चलनाच्या बाबतीत आमच्या भागाला अगदीच अडाणी समजू नका. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावात जन्मले. रोह्याचे म्हणून आम्ही त्यांना ओळखतो, रोह्यात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तेही पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत इथून केंब्रिजला शिकायला गेलेले विद्यार्थीच होते आणि 1918 साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सला चव्वेचाळीस देशांची परिषद भरली, तिथे भारताच्या शिष्टमंडळात ते होते. तुमच्या तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधीही तिथे होते. एका देशाच्या पैशाची दुसऱ्या देशाच्या पैशाशी किंमत कोणाच्या लहरीवर राहू नये, यासाठी युद्ध चालू असताना ती माणसं एकत्र बसली होती. त्यांच्या मेहनतीनंतर इतक्या वर्षांनी आमच्या तालुक्यातला एक विद्यार्थी तुमच्या देशात येतो आणि शंभरचे चौसष्ट घेऊन बाहेर पडतो.

प्रवाशांवर पोट भरणं म्हणजे काय, तेही आम्हाला कळतं. पावसाळ्यात आणि पुढेही कुंडलिकेवर राफ्टिंगला मुंबई-पुण्याची पोरं कोलाडला लोटतात. महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण 2011 ला सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या धुळीत, खड्ड्यांत अडकलेली माणसं आमच्या टपऱ्यांवर चहाला थांबली आहेत. अडकलेल्या माणसाकडून चहाचे दुप्पट पैसे घेणारे इथेही निघतात आणि त्यांनाही मी तोंडावर हेच बोललो आहे. पण दराची पाटी चहावाल्याला सरळ लिहिता येते, तर रीतसर परवाना घेऊन बसलेल्या तुम्हाला का येत नाही?

म्हणून माझी मागणी साधी आहे. खरेदीचा दर विक्रीच्या दराइतक्याच मोठ्या अक्षरात लावा. शंभर युरो दिले तर हातात किती कोरुना पडतील, तो एकच आकडा काचेवर लिहा. नोट घेण्याआधी रक्कम तोंडाने सांगा आणि तीन तासांच्या हक्काचा कागद खिडकीवर चिकटवा. एवढं करूनही धंदा चालला, तर खुशाल चालवा. नाही चालला, तर तो कशावर चालत होता, ते तुमच्या शेजाऱ्यांनाही कळेल.

तोवर मी माझं काम सुरू केलंय. यंदा रोह्या-कोलाडकडून परदेशी निघालेल्या मुलांचे आईवडील कर्जाच्या चौकशीला आमच्याकडे येतात. त्यांच्या हातात तुमच्या पाटीचा फोटो देतो, कुठला आकडा वाचायचा ते बोट ठेवून दाखवतो. एटीएमने ‘रुपयांत किंवा युरोत रक्कम कापू का’ असं विचारलं तर नाही म्हणायचं, ते सांगतो. आणि चुकून तुमच्यासारख्या खिडकीवर गेलाच, तर पावती खिशात ठेवून घड्याळ बघ, तीन तास तुझे आहेत, हेही सांगतो. त्या मुलांतला एखादा हिवाळ्याच्या सुट्टीत तुमच्यासमोर उभा राहील. तो आधी विचारेल, शंभर युरोचे हातात किती देणार. उत्तर तयार ठेवा.

एक रोखपाल,
खांब, ता. रोहा, जि. रायगड