स्वस्त गोळीला वाली नाही

मेटफॉर्मिन ही मधुमेही माणसाची रोजची गोळी. गल्लीतल्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. म्हातारपणाच्या विज्ञानातला एक मोठा प्रश्न या गोळीपाशी येऊन अडला आहे आणि तो अडलाय पैशांवाचून.

हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश हे आजार वेगवेगळे, पण तिन्हींचा सर्वांत मोठा धोका एकच, वाढतं वय. मग एकेका रोगाच्या मागे धावण्याऐवजी शरीराची मुळातली झीजच मंदावता येईल का? न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. नीर बार्झिलाई यांनी त्यासाठी ‘टेम’ नावाची चाचणी आखली. ६५ ते ७९ वयाची, मधुमेह नसलेली ३,००० माणसं घ्यायची, काहींना मेटफॉर्मिन द्यायचं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि सुमारे सहा वर्षं पाहायचं की म्हातारपणाचे आजार कोणाला उशिरा गाठतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांशी बोलणी झाली. त्यानंतर वर्षानुवर्षं निधीची शोधाशोध चालली.

कारण उघड आहे. या गोळीचं पेटंट केव्हाच संपलं. ती गुणकारी ठरली तरी चाचणीचा खर्च करणाऱ्या कंपनीच्या पदरात काही पडणार नाही. आणि याच क्षेत्रात २०२२ मध्ये ‘अल्टोस लॅब्ज’ ही खासगी कंपनी ३०० कोटी डॉलरच्या भांडवलावर उभी राहिली! ‘टेम’चा सगळा खर्च त्यातल्या दोन-तीन टक्क्यांत भागला असता.

ही गोळी संजीवनी आहे, असं माझं म्हणणं नाही. ब्रिटनमधल्या २०१४ च्या एका अभ्यासात मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही हे मधुमेह नसलेल्यांपेक्षाही थोडे जास्त जगल्याचं दिसलं. डेन्मार्कमधल्या २०२२ च्या अभ्यासात तसं काही आढळलं नाही. अमेरिकेत तीन प्रयोगशाळांत मिळून झालेल्या प्रयोगात नुसत्या मेटफॉर्मिनने उंदरांचं आयुष्य लक्षणीय वाढलं नाही. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून निरोगी माणसाने मनानेच ती सुरू करू नये. पण उलटसुलट पुराव्यांचा निकाल लावायचा तर नीट आखलेल्या चाचणीला पर्याय नाही. उत्तर ‘नाही’ असं आलं, तरी ते लाखमोलाचं.

ही चाचणी भारताने स्वतः करावी. मधुमेहींची प्रचंड संख्या आपल्याकडे, ही गोळी बनवणारे कारखाने आपल्याकडे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ पासून ‘लासी’ पाहणीत ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२,००० माणसांच्या आरोग्याची नोंद केली आहे. म्हणजे म्हातारपणाचा अभ्यास देशभर कसा करायचा, हे आपल्याला येतं. ज्या औषधात नफा नाही, त्याची परीक्षा सरकारी पैशानेच व्हायला हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हा खर्च उचलावा आणि निकाल जगाला फुकट द्यावा.