बाप्तिस्म्याचे मामा

शरणपूर रोडच्या आसपास कुणाच्या घरी बाप्तिस्म्याची तारीख ठरली, की पाळकसाहेब ती वहीत टिपून घेतात आणि मामा ती ताब्यात घेतात. मामा नेमके कुणाचे मामा, हे मंडळीत कुणी विचारत नाही. विचारलं तर अर्धा तास जातो आणि शेवटी आपलंच नातं निघतं. कार्य दुसऱ्याचं, घर दुसऱ्याचं, खर्च दुसऱ्याचा; पाहुणचार मात्र मामांचा.

यंदाच्या जानेवारीत आमच्या शेजारच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. बाळाचे वडील म्हणाले, "साधंच करायचंय मामा. घरचेच पंधरा-वीस."

"अगदी बरोबर," मामा म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. संध्याकाळपर्यंत श्रीरामपूर, संगमनेर, नगर आणि मुंबई, सगळीकडे साधेपणाची बातमी पोचली. नगरकरांना त्यांनी मटणाचं आमिष दाखवलं, मुंबईकरांना थंडीचं. नगरला तोडीचं मटण मिळतं आणि मुंबईला थंडी मुळीच मिळत नाही. तरी दोन्हीकडचे निघाले.

शुक्रवारी रात्री मुंबईची मंडळी पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडला उतरली. मामा गाडी घेऊन हजर. गाडी बाळाच्या वडिलांची, पेट्रोलही त्यांचंच. घरी आल्यावर मामांनी झोपण्याची व्यवस्था लावली. घोरणारे पुढच्या खोलीत, न घोरणारे आत आणि 'आपण घोरत नाही' असं सांगणारे गॅलरीत. बाळाचे वडील गॅलरीत गेले.

शनिवारी बाळाच्या आईला दहा हात हवे होते. लसूण सोलायचा होता, पांढऱ्या झबल्याला इस्त्री करायची होती, केकवाल्याला आठवण करून द्यायची होती. पण दहाच्या सुमारास घरात हात उरलेच नाहीत. मामा सगळ्यांना नाशिक दाखवायला घेऊन गेले होते. रामकुंड झालं. पांडवलेणी झाली. लेणी चोवीस असली, तरी मामांच्या घाईला चार पुरली. नगरच्या आत्याबाई गुडघा धरून पायऱ्या चढल्या आणि वर जाऊन म्हणाल्या, "चव्हाण्यांची सून कशी आहे?" पाहुण्यांना कुठेही न्या, ते गप्पांना आपल्या गावचेच विषय घेतात.

शरणपुरात मात्र मामांचा आवाज बदलला. मिशनऱ्यांनी 1854 साली ही वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. त्यातल्याच जेकब वेनराइटने डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाला आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत सोबत केली आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला खांदा दिला. मामा हे असं सांगतात, की वेनराइट गेल्याच रविवारी उपासनेला येऊन गेला असावा आणि जाताना त्याने मामांना सलाम केला असावा.

मग टिळकांवर गाडी आली. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंनासुद्धा आधी पत्ता नव्हता. "बघा, बायकोलाही सांगितलं नाही!" मामा हळहळले. गाडी चालवणाऱ्या बाळाच्या वडिलांनी आरशात मागच्या सीटवरचे सहा पाहुणे पाहिले आणि म्हणाले, "टिळक मोठे दूरदृष्टीचे होते."

रविवारी थंडी कडाक्याची. बाळ गारठू नये म्हणून मामांनी पहाटे उठून एका थर्मासात ऊन पाणी भरलं आणि लांबून आलेल्यांसाठी दुसऱ्यात गवती चहा. दोन्ही थर्मास निळेच. पाळकसाहेबांनी सैतानाचा त्याग करता का म्हणून विचारलं, तेव्हा गॉडफादरच्या आधी मामांनीच खणखणीत "करतो" म्हटलं आणि कुंडाजवळ जाऊन थर्मासचं झाकण उघडलं.

पाळकसाहेबांनी वास घेतला. "मामा," ते हळूच म्हणाले, "याच्यात साखर किती?"

तिसऱ्या बाकावर आत्याबाईंनी मान हलवली. सकाळी मोठा कपभर ऊन पाणी पिऊन 'नाशिकचा चहा फिकाच असतो' असा निष्कर्ष त्यांनी आधीच काढला होता. शेवटी बाळाला कुंडातलं गारच पाणी मिळालं आणि बाळाने असा टाहो फोडला, की पेटीवाल्याने दचकून भजन वेळेआधीच सुरू केलं.

आता खरी गोष्ट सांगतो. या घरातल्या दोन विहिणी लग्नापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. लग्नात रस्सा कुणाच्या पंक्तीला कमी पडला, हा वाद अजून मिटला नव्हता. सगळ्यांना भीती होती, की आज मटणाच्या पातेल्याशी तो पुन्हा उकळणार. दुपारी पाहिलं, तर दोघी एकाच दिवाणावर मांडीला मांडी लावून बसलेल्या.

"थर्मासवर चिठ्ठी चिकटवायला काय झालं होतं?"

"आणि काल आत्याबाईंना डोंगर चढवला, तो कशाला?"

"नाही तर काय!"

मामांच्या चुका मोजता मोजता रश्श्याची पंक्ती मागे पडली. बाळाचे आईवडीलसुद्धा दोन दिवस एकमेकांवर चिडले नाहीत, कारण सगळा राग मामांकडे जमा होता. असा माणूस नसता, तर या लोकांना एकमेकांशीच भांडावं लागलं असतं.

एवढ्यात मामा वाढपाची पळी घेऊन दारात आले. "काय विहीणबाई, जमलं ना सगळं?"

"जमलं म्हणजे काय!" दोघी एका सुरात म्हणाल्या. मामांनी ती शाबासकी समजून घेतली. मग त्यांची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यात पुलाव खात बसलेल्या, गेल्याच मे महिन्यात लग्न झालेल्या जोडप्यावर थांबली.

"मग तुमच्याकडे कधी?" मामा म्हणाले. "नुसती तारीख सांगा, बाकी माझ्यावर सोडा."

"सांगू ना मामा," नवरा अदबीने म्हणाला, आणि बायकोच्या कानाला लागला, "आपण टिळकांसारखंच करायचं."