टप नसलेली गाडी

मिशिगनमधल्या मराठी माणसाने कुठली गाडी घ्यावी याचे काही अलिखित नियम आहेत. गाडी जपानी असावी, तिला चार दारं असावीत आणि मंडळाच्या गणपतीला आरतीचं साहित्य, मोदकांचे डबे, तबला आणि तबलजी एका खेपेत नेता यावेत. माझी माझदा मियाटा यातला पहिला नियम पाळते. दारं दोन, माणसं दोन. डिकीत डग्गा मावतो, तबला मांडीवर घ्यावा लागतो, तबलजीने स्वतःची सोय बघावी. गाडी १९९२ ची, लाल, वजनाने टनापेक्षा कमी, आणि टप कापडाचा. मे महिन्यातल्या सकाळी तो टप मागे टाकून निघालं, की माणसं मिशिगनमध्ये का राहतात ते कळतं. पुढचा खड्डा येईपर्यंत.

आमच्याकडचे खड्डे ही हिवाळ्याची देणगी. भेगेत पाणी मुरतं, गोठून फुगतं, वितळतं, आणि मार्चमध्ये रस्ता उकलतो. अशा खड्ड्यात दुसऱ्या गाड्या आपटतात आणि मोकळ्या होतात. मियाटा आपटून झाल्यावर थरथरत राहते. डॅशबोर्ड हलतो, स्टीअरिंग हातात कुडकुडतं आणि आरशात मागच्या एका ट्रकचे दोन ट्रक होतात. मियाटावाले याला काउल शेक म्हणतात आणि त्यावर इलाज म्हणून गाडीला लोखंडाचे दांडे लावतात. त्या दांड्यांना ब्रेस म्हणतात, आणि त्यांचं दुकान एकदा बघितलं की माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही.

त्याच सुमारास सासरे आले. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. अमेरिकेत त्यांना नायगारा दाखवला तेव्हा ते "पाणी बरंच आहे" म्हणाले होते. गॅरेजमध्ये मात्र पहिल्याच दिवशी लुंगी खोचून, खाली पुठ्ठा अंथरून, टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

"जावईबापू, चॅसी कुठाय?"

"बाबा, हिला वेगळी चॅसी नाही. मोनोकॉक आहे. पत्र्याचं अंग हीच चॅसी."

"आणि तुम्ही काय मजबूत करणार म्हणालात?"

"चॅसी."

पाय थोडा वेळ हलले नाहीत. एसटीत आधी चॅसी येते, तिच्यावर मग बॉडी बांधतात. त्यामुळे नसलेल्या वस्तूला टेकू देण्याचा खर्च त्यांच्या हिशोबात बसेना. तेवढ्यात टॉर्च मध्यभागी थांबला. "ही काय मग? हीच की!" मी वाकून बघितलं. ती पॉवर प्लांट फ्रेम होती, ॲल्युमिनियमचा लांब तुळईसारखा तुकडा. तो गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शियलशी जोडतो, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाची आज्ञा चाकांपर्यंत न रेंगाळता पोचते. गाडीच्या अंगाला त्याचा फारसा आधार नाही. "म्हणजे इंजिनाला कणा आहे, गाडीला नाही," बाबा म्हणाले. मियाटाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

खरं दुखणं त्यांनी स्वयंपाकघरात शोधलं. सासूबाईंनी आणलेल्या आंबाबर्फीचा पुठ्ठ्याचा खोका त्यांनी हातात घेतला. झाकण लावून दोन विरुद्ध कोपरे पिळले, खोका ढिम्म. झाकण काढून पिळले, तर खोक्याचं तोंड तिरकं झालं आणि एक बर्फी टेबलावर पडली. ती त्यांनी तोंडात टाकली. "टप कापलाय. दुसरं काय होणार?"

हेच खरं आहे. सगळ्या बाजूंनी बंद असलेली पेटी पीळ सहज सोसते, वरून उघडी केली की ती ताकद एकदम ओसरते. त्यात गाडीचं आणखी एक वाईट होतं. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर आपलं काम चोख करतात, पण ज्याला धरून ते उभे आहेत ते अंगच वळत असेल तर गाडीला पाचवी स्प्रिंग मिळते, आणि तिच्यावर शॉक ॲब्सॉर्बर बसवलेला नसतो. माझदाच्या इंजिनिअरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी आली ती हलकेपणाच्या जोरावर, आणि १९९४ च्या मॉडेलला कंपनीने स्वतःच जादा आडवे टेकू दिले. माझी १९९२ ची. मला माझे टेकू मीच आणायचे होते.

मग निवड. सगळ्यात देखणा असतो तो बॉनेटखालचा दांडा, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांच्या बुरुजांना जोडणारा. निळा, लाल, चकचकीत, मागाल तो रंग. जाहिरातीत टक्के लिहिलेले असतात, कशाचे टक्के ते लिहायला जागा उरत नाही. पण मॅकफर्सन स्ट्रट जातीचं सस्पेन्शन असलेल्या गाडीत वळणावरचा आडवा जोर थेट त्या बुरुजावर येतो, म्हणून तिथे दांड्याला काम असतं. मियाटाचं सस्पेन्शन डबल विशबोन जातीचं. तो जोर खालीच सबफ्रेमवर जातो, आणि वरचा दांडा बहुतेक वेळ आराम करतो. दुसरा प्रकार दारांच्या चौकटीत बसणारा. त्याने फरक पडतो, पण गाडीत बसायला पाय आधी छातीपर्यंत न्यावा लागतो. "यात मी साडी नेसून बसायचं?" बायकोने विचारलं आणि तो प्रकार यादीतून गेला.

उरल्या तळाच्या पट्ट्या. मियाटाच्या तळाला लांबीच्या दिशेने दोन पत्र्याच्या नळ्या असतात, फ्रेम रेल म्हणतात त्यांना. त्या इतक्या पातळ, की कुणीतरी भलत्या जागी जॅक लावतो आणि त्या चेपतात. जुनी मियाटा बघायला गेलात तर मालकाचा चेहरा नंतर बघा, आधी रेल बघा. या रेलवर जाड पोलादी पन्हळी चढवायची, तळातून बोल्ट मारायचे आणि दोन्ही पन्हळींच्या मध्ये आडव्या-तिरक्या पट्ट्या जोडायच्या. दिसत काही नाही. शेजाऱ्याला दाखवायचं तर त्यालाही पुठ्ठ्यावर झोपवावं लागतं.

बसवण्याचा दिवस बाबांचा होता. आधी चेपलेले रेल लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने सरळ केले. मग मी जॅक स्टँड आणले, तर ते म्हणाले, "गाडी चाकांवर उभी पाहिजे. लटकवून बोल्ट आवळलेत तर वाकडेपण कायमचं आवळाल." म्हणून गाडी चार रॅम्पवर चढवली. आतून सीट काढल्या, कार्पेट उचललं. कार्पेटखाली आधीच्या मालकाचं एक बॉलपेन, नाणी आणि फ्रेंच फ्राइजचे अवशेष निघाले. बाबांनी नाणी वेगळी ठेवली. मी खालून ड्रिल मारत होतो आणि गरम लोखंडी कीस बाहीतून आत शिरत होता. प्रत्येक भोकाच्या कडेला गंजरोधक रंग लावला, कारण इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ उघडा पत्रा शोधतच असतं. सगळे बोल्ट आधी बोटाने, मग पान्याने, शेवटी टॉर्क रेंचने. एकही बोल्ट आधी पूर्ण आवळायचा नाही, नाहीतर समोरचं भोक जुळत नाही. मी एक आवळला होता असं बाबांचं म्हणणं. तो त्यांनीच आवळला होता असं माझं.

काम सुरू करण्याआधी बाबांनी परीक्षा घेऊन ठेवली होती. फट मोजायचा फीलर गेज नव्हता, म्हणून माझ्या ऑफिसची व्हिजिटिंग कार्डं घेतली. समोरचं एक चाक जॅकने उचललं की दाराच्या मागच्या कडेची फट बदलते. तिथे आधी सैल जाणारी कार्डांची थप्पी जॅक लावल्यावर अडकली होती. काम झाल्यावर तीच परीक्षा पुन्हा. थप्पी घासत, पण गेली.

"फरक आहे," बाबा म्हणाले. "एका कार्डाचा."

एवढ्या पैशांत कडक टप येतो का, हेही त्यांनी विचारलं. मिळतो, पण त्याहून महाग.

रस्त्यावर मात्र त्या एका कार्डाची किंमत कळते. खड्डा आता ठक् करून संपतो, मागे शेपूट राहत नाही. आरशातला ट्रक बहुतेक वेळा एकच असतो. जी थरथर उरली ती शोधली, तर सस्पेन्शनचे रबर बुश तीस वर्षांत वाळून भेगाळलेले निघाले, आणि ते बदलल्यावर गाडी जितकी सुधारली तितकी सगळ्या लोखंडाने मिळून सुधारली नव्हती.

तेव्हा कुणी जुनी, बिनटपाची गाडी घेऊन टेकू शोधत असाल तर क्रम असा ठेवा: आधी टायर आणि रबर बुश, मग तळाच्या पट्ट्या. त्यानंतर पैसे उरलेच, तर बॉनेटखालचा दांडा घ्या. निळा घ्या, फोटोत छान येतो.