कोक्याची धूळ

भंडारा जिल्ह्यात वाळवंट नाही आणि ज्वालामुखीचा खडकही नावालाच. सह्याद्रीपासून पसरत आलेला काळा कातळ नागपूरच्या आसपास दम टाकतो. त्याच्या पूर्वेला कितीतरी अधिक पुरातन खडक सुरू होतात. तुमसर तालुक्यात त्यांतून मँगनीज निघते, कोका अभयारण्यात धूळ. तलावांच्या या जिल्ह्यात वाळवंटाची हौस भागवायची असेल, तर मे महिन्यातली कोक्याची दुपार पुरते.

कोका २०१३ मध्ये अभयारण्य झाले. इथले पारंपरिक वाहन म्हणजे उघडी जिप्सी. मारुतीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या या गाडीला पुढेही पाटे आणि मागेही पाटेच. त्यामुळे खड्डा चालकाला डोळ्यांनी कळतो, मागच्या बाकावरच्याला मणक्याने. मागचे बाक उंच. तिथून जंगल उत्तम दिसते, पण दर खड्ड्याला प्रवासी आणि बाक यांची फारकत होते. मुरलेले पर्यटक पुढची जागा ‘मुलांना नीट दिसावे’ म्हणून मागून घेतात आणि स्वतः बसतात.

धूळ पुढची जिप्सी पुरवते. तासाभरात सासरे, जावई आणि गाईड एकाच मातकट रंगाचे होतात. मग मानपान ठेवायचा तो आवाज ओळखून. तोंडाला दुपट्टा बांधलेला असेल, तर तेही अवघड.

मध्येच गाईड हात वर करतो. इंजिन बंद. चितळाचा ‘कॉल’ आलेला असतो. सगळे श्वास रोखतात, आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी चिवड्याची पुडी उघडते. वाघ ‘आत्ताच गेला’ असे जाहीर होते. पुरावा रस्त्यातच असतो: चार बोटे, मागे रुंद गादी, कडेची धूळ अजून ढासळलेली नाही. पंजाचे फोटो निघतात, मग त्यावरूनच मागची जिप्सी जाते.

वाघांचा प्रवास अधिक सुटसुटीत. नागझिऱ्यातला ‘जय’ २०१३ मध्ये पायी उमरेड-पवनी-करांडल्याला गेला. ना परवाना, ना गाईड. नाव ‘शोले’तल्या जयचे. २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला, पर्यटकांच्या गप्पांत मात्र पुढेही बरीच वर्षे दिसत राहिला.

पावसाळ्यात सफारी बंद असते. एरवी जाणाऱ्याने पाणी भरपूर न्यावे, कंबरेचा पट्टा असल्यास बांधावा आणि पांढरा सदरा घरीच ठेवावा.