नऊशे क्विंटलांचं बोर्डिंग

यंदा अण्णांच्या केळीला भाव मिळाला. भाव मिळाला की आमच्या जळगावात माणूस आधी गाडी बदलतो, मग घराचं एलिव्हेशन. हे दोन्ही गेल्या वर्षीच उरकलेलं असलं, तर मुलाची शाळा. त्यात अण्णांच्या धुळ्याच्या साडूंनी मुलाला पाचगणीला घातलेलं. साडूच्या वर जायचं तर पाचगणीच्या वर काय? महाबळेश्वर. पण तिथे नुसत्या स्ट्रॉबेऱ्या. म्हणून मग इंग्लंड.

एका रविवारी हॉटेलच्या एसी हॉलात तिथल्या शाळांच्या एजंटाचा सेमिनार होता. 'तुम्ही लिहिता-बिहिता, इंग्रजी कळतं,' म्हणून अण्णांनी मला गाडीत घातलं. सोबत वहिनी, अण्णांची आई आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो पाचवीतला वारसदार. हॉलात शिरताना त्याच्या बुटाची लेस सुटली. त्याने पाय पुढे केला, आजी खाली बसली. या पोराला एजंटाने दोनच मिनिटांत 'इंडिपेंडंट लर्नर' म्हटलं.

पडद्यावर ईटन आलं. स्थापना 1440. (तेव्हा आपल्याकडे फारुकींचं राज्य होतं, पण त्यांनी माहितीपत्रक काढलं नाही.) तिथली मुलं शेपटाचा काळा कोट घालून वर्गात बसतात, हे बघून वहिनी म्हणाल्या, "बँडवाले वाटतात हो." मग फी आली. 2024-25 साली सुमारे 52,700 पौंड, आणि 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या सरकारने खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लावलेला. म्हणजे वर्षाला 63 हजार पौंडांच्या वर. अण्णांनी शांतपणे विचारलं, "व्हॅटचं इनपुट मिळतं का?"

खानदेशात मोठी रक्कम रुपयात कळत नाही, कापसात कळते. मी माहितीपत्रकाच्या पाठीवर हिशेब मांडला. पौंड 110 रुपये धरला, लांब धाग्याच्या कापसाचा त्या सालचा हमीभाव 7,521 धरला. नऊशे वीस क्विंटल. दरसाल. तोही हमीभाव हातात पडला तर. अण्णा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. तिथे टेम्स नदी होती, तरी त्यांना बहुधा जिनिंगसमोरची बैलगाड्यांची रांग दिसत असावी.

पुढची अडचण वेगळीच निघाली. प्रवेश तेराव्या वर्षी, पण नाव दहाव्या वर्षीच नोंदवायचं. वारसदार अकरा पूर्ण. "मॅनेजमेंट कोटा असेल ना?" अण्णा म्हणाले. एजंट हसला. अण्णा हसले नाहीत. आणखी एक कलम असं की आईबाप परदेशात असतील, तर मुलासाठी तिथे एक पालक नेमायचा. सत्राच्या मधल्या सुट्टीत बोर्डिंग बंद होतं, तेव्हा पोर त्याच्याकडे राहतं. म्हणजे फी भरतो तो पालक वेगळा आणि पोर सांभाळतो तो पालक वेगळा, आणि दुसऱ्याचे पैसेही पहिल्यानेच द्यायचे. आजीने या सगळ्यातून एकच प्रश्न काढला, "तठे भाकर भेटी का पोऱ्याले?" एजंटाने भाषांतरासाठी माझ्याकडे बघितलं. मी 'डायटरी प्रेफरन्स' म्हटलं आणि तो मान डोलवू लागला.

वहिनींना पुणं जवळचं वाटत होतं. पुण्यात 2023 साली इंग्लंडच्या वेलिंग्टन कॉलेजची शाळा निघालीच आहे. हे वेलिंग्टन म्हणजे कोण, असं अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, आपलेच. अजिंठा ओलांडून जालना जिल्ह्यात असई लागतं ना, तिथे 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा वेलस्ली तो हाच, पुढे ड्यूक झाला. माझ्या मनात होतं की हे ऐकून काचेवर महाराजांचं स्टिकर लावणारा हा माणूस उठून उभा राहील. अण्णा उठले नाहीत. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे जुनी ओळख निघाली की! ॲडमिशनला लावता येईल?"

परतताना गाडीत मी माझं घोडं दामटलं. म्हटलं, अण्णा, अस्सल ब्रिटिश निवासी संस्था आपल्याकडे होती, तुमच्या साडूंच्या धुळ्यातच. 1932 चं वर्ष घ्या. प्रवेश थेट सरकार देई, नेण्याआणण्याची सोय सरकारी, गणवेश-जेवण फुकट, गेटवर चोवीस तास पहारा. शिकवायला विनोबा, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, अठरा रविवार. वहीत उतरवून घ्यायला सानेगुरुजी. त्या नोट्स अजून छापल्या जातात. धुळ्याचा तुरुंग. आणि हाउसमास्टरच हवा असेल, तर हेच गुरुजी त्याआधी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते. मुलांचे कपडे धुऊन घड्या घालून ठेवायचे.

"स्वतः?" वहिनींनी विचारलं.

"स्वतः."

"मग स्टाफ कमी असेल," अण्णा म्हणाले.

मी शेवटचा पत्ता टाकला. आपल्या प्रतिभाताई जळगावच्या आर. आर. विद्यालयात शिकल्या आणि 2009 साली राष्ट्रपती म्हणून विंडसरच्या राजवाड्यात राणीच्या पाहुण्या होत्या. ईटन तिथून नदीपलीकडे. आर. आर. वरूनही तिथवर पोचता येतं.

"पण त्या राहिल्या दोन-तीन दिवस," अण्णा म्हणाले. "आपल्याला पाच वर्षं काढायची आहेत."

घरी आलो. शेवभाजी झाली. वारसदाराने पाय पुढे केला, आजीने बूट काढले. माहितीपत्रक फ्रिजवर ठेवलं, कापसाचा हिशेब वर दिसेल असं. निर्णय दिवाळीनंतर घ्यायचा ठरलं. पोराला अजून कुणी काही विचारलेलं नाही. साडूंना मात्र अण्णांनी त्याच रात्री फोन करून सांगितलं, लंडनचं फायनल आहे.