बंद पडल्यावर हाउसफुल्ल

मुंबईकराचं एकपडदा थिएटरवर जिवापाड प्रेम आहे. फक्त तिकीट काढायची सवय नाही. 2019मध्ये दादरचं ‘चित्रा’ बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांतले निम्मे जरी आधी खेळाला गेले असते, तरी दारात पुन्हा ब्लॅकवाले उभे राहिले असते. चर्चगेटच्या ‘इरॉस’चं नशीब थोर. 1938ची आर्ट डेको इमारत, 2018पासून जागतिक वारशाचा मान, 2024मध्ये आयमॅक्स पडदा. लोक येतात, समोरून फोटो काढतात आणि लोकल पकडतात. (पॉपकॉर्नचे भाव पाहता दोष तरी कसा द्यावा?) ‘मराठा मंदिर’नं मात्र साधा तोडगा काढला: 1995पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ उतरवलाच नाही. तेव्हा पुढची श्रद्धांजली लिहिण्याआधी एक तिकीट काढा. बाल्कनीचं काढा, रांग नसते.